साडेपंधरा मिलिमीटर

१

सीट आधी आली की शॉकअप, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. बहुधा सीट. कारण ती घरात आणली तेव्हा हिने तिच्यावर जुनी निळी चादर टाकायला लावली होती, आणि ती चादर पुढे लवकरच फाटली. पण चादर निळी होती हे तरी कशावरून? चौतीस वर्षं मी मोजमापातल्या चुका हा विषय शिकवला. पहिल्याच तासाला मुलांना सांगायचो की सगळ्यांत बेभरवशाचं उपकरण म्हणजे माणूस, आणि त्यातही म्हातारा माणूस. मुलं हसायची. आता ते उपकरण मीच आहे आणि मला हसू येत नाही.

तेव्हा आधी काय, नंतर काय याबाबत माझ्यावर विसंबू नका. आकड्यांबाबत विसंबा. ते वहीत आहेत.

ही म्हणजे माझी बायको. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आठ महिने ती घराबाहेर पडली नव्हती. गुडघा केव्हाच बरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना बाहेर काढा." जसं काही मीच तिला कोंडून ठेवलं होतं! टॅक्सी म्हटलं की ही मान फिरवायची, टॅक्सीत बसलं की तिला दवाखाना आठवायचा. चालत जाऊ म्हटलं तर "आणि पडले तर?" लेक परगावी. ती रोज फोन करून विचारायची, "बाबा, आई आज कुठे गेली होती?"

"पुढच्या खोलीत," मी सांगायचो.

पुढे पुढे ती पुढच्या खोलीतही येईनाशी झाली. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी मला दाराशी गाठून हळू आवाजात सांगितलं, "हे असंच चाललं तर दुखण्याची गरजच उरत नाही. माणूस आपोआप विझत जातो." त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मात्र अगदी पक्कं आठवतं.

आणि मग एके दिवशी चहा पिता पिता ही म्हणाली, "तुमच्या फटफटीवर बसले असते कदाचित. वाचनालयापर्यंत."

फटफटी मागच्या शेडमध्ये अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. लेक झाली त्या वर्षी घेतलेली. ती बनवणारी कंपनी बंद पडली, तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मी ताडपत्री टाकून विषय संपवला होता.

"टॅक्सीत नाही, पण फटफटीवर?" मी विचारलं.

"फटफटी नाहीतर काही नाही," ही म्हणाली आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठली.

२

गाडीचं काम मी दोनमिनिट्याकडे दिलं. हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. त्याला कधीही विचारा, "कधी होईल?" उत्तर ठरलेलं: "दोन मिनिटं, सर." त्याच्या त्या दोन मिनिटांत माणसाचा मोतीबिंदू पिकावा. पण हात चांगला होता, आणि जुन्या गाड्यांना हात लावणारा दुसरा कोणी उरला नव्हता.

इंजिन त्याने महिन्याभरात बोलतं केलं. अडचण मागच्या बाजूची होती. हिचा गुडघा काटकोनाच्या पुढे वाकत नव्हता. म्हणजे पाय ठेवायचे फूटरेस्ट खाली हवेत. कमरेला धक्का नको, म्हणजे मागच्या चाकाचे शॉकअप मऊ हवेत. सीट रुंद आणि लांब हवी, आणि लांब सीट पेलायला मागचं चाक धरणारा लोखंडी चिमटाही लांब हवा. आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या मॉडेलांचं काढून लावायचं.

मी हिला जेवणाच्या खुर्चीवर बसवून मापं घेतली. पायाखाली पुस्तकांचे गठ्ठे, हातात कोनमापक.

"मला शिवायला टाकताय का?" ही म्हणाली. कित्येक महिन्यांतला तिचा तो पहिला विनोद होता.

मी तक्ता केला. कुठल्या मॉडेलचा कुठला भाग किती लांब, किती रुंद, किती ताठ. दोनमिनिट्याने तक्ता पाहिला, उलटा धरून पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "सर, एवढ्यात तर माझं लग्न ठरलं असतं."

पाच महिने मी शहरातल्या भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. लेक फोनवर वैतागायची, "बाबा, सरळ नवी स्कूटर घ्या ना."

"तुझ्या आईला विचार."

तिने विचारलं. हिने फोन माझ्या हातात परत दिला. मग लेक म्हणाली, "बरं, भंगारच बघा."

चार भाग मिळाले ते चार भंगारवाल्यांकडे, शहराच्या चार टोकांना. सीट एका बंद पडलेल्या मॉडेलची. शॉकअप लांब पल्ल्याच्या एका जड गाडीचे. चिमटा तिसऱ्याच गाडीचा. फूटरेस्ट खाली धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या कुठल्या, ते भंगारवाल्यालाही सांगता आलं नाही. प्रत्येक ठिकाणी दहाबारा नग होते. त्यांतून मी माझ्या पट्टीने मोजून एकेक निवडला. मी निवडला. दुसऱ्या कोणी नाही.

३

ज्यांनी हा उद्योग कधी केला नसेल त्यांना सांगतो: एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसत नाही. कधीच नाही. भोकं जुळत नाहीत, आस जाड निघतो, मधे वायसर भरावे लागतात, आस घट्ट बसावा म्हणून लेथवर बुश कातून आणावं लागतं, आणि शेवटी वेल्डरच्या पाया पडावं लागतं. दोनमिनिट्याने मला आठ दिवस सांगितले होते. म्हणजे मी महिना धरला होता.

भाग त्याच्याकडे पोचवले त्याच दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"सर, झालं."

"काय झालं?"

"गाडी झाली. येऊन बघा."

मला वाटलं काहीतरी मोडून ठेवलंय. गेलो तर गाडी उभी. सीट, शॉकअप, चिमटा, पट्ट्या, सगळं जागच्या जागी. दोनमिनिट्या मात्र खुशीत नव्हता. एका डब्यावर बसून तो हात पुसत होता. पुसून झालेले हात पुन्हा पुसत होता.

"वायसर किती लागले?"

"एकही नाही."

"बुश?"

"चिमट्यात आधीच होतं. तुमच्या चासीच्या मापाचं. सीटचे हूक बघा, मूळचे कापून पुढे वेल्ड केलेत, जुनं वेल्डिंग आहे. तुमच्याच चासीत बसतात. शॉकअपच्या टोकाचे कानही कातलेले." त्याने फडकं फेकलं. "वीस वर्षं हे करतोय सर. हे असं बसत नसतं."

मला राग आला. काम वेळेवर झालं नाही म्हणून याच्याशी भांडायचं, आणि झालं म्हणूनही भांडायचं! मी म्हटलं, "या मॉडेलच्या गाड्या पुष्कळांनी अशाच बदलून घेतल्या असतील. त्यांचे भाग भंगारात आले. सरळ आहे."

"चौघांनी? चार ठिकाणी? आणि एकमेकांना बसतील असे?"

"योगायोग."

"तुम्ही शिकलेली माणसं," तो म्हणाला. मग फूटरेस्टच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिला खाली एक भोक होतं, त्यात फूटरेस्ट बसवलेला. त्याच्या वर वीतभर, जरा पुढे, आणखी एक भोक होतं. रिकामं. पलीकडच्या पट्टीलाही तसंच.

"याला काय काम?" त्याने विचारलं.

"चुकून पाडलं असेल कोणी."

"चुकून पाडलेल्या भोकाला आटे कशाला पाडेल कोणी?"

मी भोकात करंगळी घातली. आटे होते. गुळगुळीत, बरेच वापरलेले.

४

शॉकअप नवे बसवले की गाडी बसणाऱ्याच्या वजनाने किती दबते ते मोजायचं असतं. साधं काम आहे. आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं, वजन ठेवायचं, पुन्हा अंतर घ्यायचं. दोनमिनिट्या हे अंदाजाने करतो. मी अंदाजाने काही करत नाही, हे माझं दुखणं आहे.

मी पुस्तकांचे गठ्ठे बांधले, न्हाणीतल्या काट्यावर तोलले आणि चालवणाऱ्याच्या जागी एकेक ठेवत गेलो. एका किलोला अर्धा मिलिमीटर. आलेखावर सरळ रेष आली. इतकी सुंदर रेष मी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिली होती. माझं वजन चौसष्ट किलो. तेवढी पुस्तकं ठेवली, गाडी बत्तीस मिलिमीटर दबली.

मग पुस्तकं उतरवून मी बसलो. दोनमिनिट्याने पट्टी वाचली.

"साडेसत्तेचाळीस."

"बत्तीस."

"साडेसत्तेचाळीस, सर. मला आकडे येतात."

मी उतरलो, पुन्हा बसलो. साडेसत्तेचाळीस. पट्टी बदलली. काटा तपासला. चप्पल काढून बसलो, श्वास रोखून बसलो. दोनमिनिट्या म्हणाला, "सर, तुम्ही सकाळी काय खाल्लंय?" मी त्याला तोलून सीटवर बसवलं आणि स्वतः वाचलं. त्याच्या वजनाला जेवढी दबायला हवी त्याहून साडेपंधरा मिलिमीटर जास्त. पुन्हा पुस्तकं ठेवली. बरोबर. पुस्तकांना गाडी बरोबर दबत होती. माणूस पुढे बसला की साडेपंधरा मिलिमीटर जास्त.

साडेपंधरा मिलिमीटर म्हणजे एकतीस किलो. मी वहीत लिहिलं: ३१.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या कोणी केली असती तर मी तिला माफ केलं नसतं. चौतीस वर्षं मी मुलांना बजावत आलो की न पटणारं निरीक्षण खोडायचं नाही. ते खोडणारा मुलगा माझ्याकडे नापास व्हायचा. पण त्याच सकाळी हिने कपाटातून बाहेरचे बूट काढून पुसून ठेवले होते. वर्ष उलटून गेल्यावर. मी घरी जाऊन काय सांगणार होतो? गाडीत एकतीस किलो जास्त भरतायत, बूट परत आत ठेव?

मी ३१ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: वाचनदोष.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघालो. मी पुढे बसलो. ही पायरीवरून, माझ्या खांद्याला धरून, पाय टाकून मागे बसली.

"सरका ना थोडे पुढे."

"टाकीवर बसू का?"

"अहो, जागाच नाहीये."

सीट आमच्या जुन्या सीटपेक्षा वीस सेंटिमीटर लांब होती. मी स्वतः मोजली होती. पण भांडलो नाही, कारण ती बसली होती. मी टाकीला चिकटलो आणि गाडी सोडली.

गाडी सुरेख चालली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात मी दात आवळले, पण मागून कण्हण्याचा आवाज आला नाही. माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलं होतं, दोन्ही खांद्यांच्या मधे, जरा खालीच. मला बरं वाटलं. मग उगाच मनात आलं की ही माझ्याएवढी उंच आहे. तिची हनुवटी नेहमी माझ्या खांद्यावर यायची. ऑपरेशननंतर वाकून बसत असेल, असं मी ठरवलं. ठरवण्यात मी तरबेज आहे.

वाचनालयात तिने दोन पुस्तकं बदलली, तिथल्या बाईंशी तब्बल पंधरा मिनिटं बोलली, जिना चढून वरही जाऊन आली. मी दारात उभा राहून डोळे पुसले. धूळ फार होती.

घरी आल्यावर ती पोटभर जेवली. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई आज कुठे गेली होती?" तिने नेहमीच्या सुरात विचारलं.

"वाचनालयात," मी म्हणालो, आणि फोनवर ती रडायला लागली. घरात सगळेच बावळट.

६

मग रोज. वाचनालय, तळं, भाजी, पोस्ट, आणि कुठेच नाही तर नुसती चक्कर. साडेनऊला ही बूट घालून दाराशी तयार. मला वर्तमानपत्र पुरं वाचू देईना. दोन महिन्यांत तिचं अंग भरलं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. "कसं काय जमवलंत?" मी म्हटलं, "भंगार."

पण फक्त फटफटी. एकदा गाडी दोनमिनिट्याकडे होती म्हणून मी टॅक्सी बोलावली, तर ही बूट काढून आत गेली आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती सीटच्या अगदी टोकाला, मागच्या दांड्याला टेकून बसे. रोज म्हणे, "पुढे सरका." मी रोज टाकीला चिकटे. एकदा तळ्याच्या वळणावर तिने मागून सांगितलं, "हळू घ्या हो. झोप लागलीय."

"कोणाला?"

ती म्हणाली, "मला. दुसऱ्या कोणाला?"

झोप लागलेलं माणूस झोप लागलीय असं सांगत नाही. हा तर्क मला घरी आल्यावर सुचला, आणि मी तो तिथेच सोडून दिला. ऐकण्यात माझी चूक होऊ शकते. डावा कान तसाही कमी ऐकतो.

एका सकाळी गाडी पुसताना मला पट्टीवरच्या त्या रिकाम्या भोकांत दोन लहान फूटरेस्ट बसवलेले दिसले. छोटे, दुमडणारे. माझं डोकं फिरलं. तसाच दोनमिनिट्याकडे गेलो.

"मला न विचारता तू गाडीला काहीही लावतोस?"

"बाईंनी फोन केला होता, सर. परवा गाडी आली होती ना, तेव्हा. म्हणाल्या, वरच्या भोकांत लहान फूटरेस्ट लाव."

"कशाला?"

"म्हणाल्या, पाय लोंबकळतात."

त्याने पाना उचलला आणि परत ठेवला. मग तोच म्हणाला, "त्यांचेच हो सर. अजून कोणाचे?" आणि दोन मिनिटांत येतो म्हणून मागच्या बाजूला निघून गेला. मी अर्धा तास उभा होतो. तो आला नाही.

हिला विचारायचं मी ठरवलं होतं. घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी पाणी प्यायलो आणि वर्तमानपत्र उघडलं.

७

त्यानंतर आठवडाभराने, सकाळी अकराच्या सुमारास, आम्ही पोस्टाकडून परत येत होतो. उन्हाचा दिवस. कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलो. डाव्या हाताला काचा कापणाऱ्याचं दुकान होतं, आणि त्याने मोठे आरसे बाहेर भिंतीला टेकवून ठेवले होते. मी सहज पाहिलं.

गाडी दिसली. टाकीला चिकटलेला, पोक काढलेला एक म्हातारा दिसला, आणि मला स्वतःची कीव आली. मग मागे ही दिसली. सीटच्या अगदी टोकाला, ताठ. माझ्या आणि तिच्या मधे रिकामी जागा होती. दीड वीत, कदाचित दोन. तिचे हात माझ्या कमरेला नव्हते, खांद्यालाही नव्हते. ते तिच्या पुढ्यात गोल धरलेले होते, बोटं एकमेकांत अडकवलेली. हनुवटी जरा वर उचललेली, जशी कोणाच्या डोक्यावरून पुढे बघताना उचलावी लागते.

आणि माझ्या पाठीला, दोन्ही खांद्यांच्या मधे, जरा खाली, कपाळ टेकलेलं होतं. उबदार. मी श्वास घेतला तसं ते वर गेलं आणि खाली आलं.

मी आरशातून नजर काढून खाली पाहिलं. तिचे बूट खालच्या फूटरेस्टवर होते. वरचे दोन्ही फूटरेस्ट उघडलेले होते. निघताना मी ते माझ्या हाताने दुमडले होते. दुमडले होते असं मला वाटतं.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. हिरवा कधी झाला मला कळलं नाही.

"चला ना," ही मागून म्हणाली. तिचा आवाज लांबून आला. दीड वीत लांबून. "उठवाल अशाने."

८

दुसऱ्या दिवशी ही झोपलेली असताना मी गाडी दोनमिनिट्याकडे नेली. वाटेत पाठीला काही लागलं की नाही हे मी सांगणार नाही. मी जाकिटावर जाकीट घातलं होतं आणि उन्हाळा होता.

"चारही भाग काढ. जुने लाव."

त्याने एकही प्रश्न विचारला नाही. जुनी आखूड सीट, जुने दगडासारखे शॉकअप, जुना चिमटा. संध्याकाळपर्यंत झालं. मी बसलो, त्याने पट्टी धरली. माझ्या वजनाला जेवढी दबायला हवी तेवढीच दबली. फरक शून्य. मला वाटलं, मी सुटलो. हिला मी सांगणार होतो की शॉकअप गळत होते. मऊ उशी टाकेन, हळू चालवेन. सवय होईल.

सकाळी साडेनऊला ती बूट घालून आली. माझा खांदा धरून बसली. मी गाडी सुरू केली नाही. तिच्या "पुढे सरका"ची वाट पाहत होतो.

ते आलंच नाही. मग ती म्हणाली, "आज जागा आहे."

"हो का?"

"पुष्कळ जागा आहे." तिचे हात तिच्या पुढ्यात आले, गोल झाले, आणि एकमेकांना लागले. मी ते बाजूच्या आरशात पाहिलं. तिने हात पुन्हा वेगळे केले. पुन्हा जुळवून पाहिले.

"काय काढून टाकलंत?"

"काही नाही. शॉकअप गळत होते."

"अहो, काय काढून टाकलंत?"

"दुरुस्तीला दिलेत गं—"

"उतरू द्या मला."

उतरून ती आत गेली. बूट तिने कपाटात ठेवले नाहीत. दाराबाहेरच, कोणाचे तरी असावेत तसे, सोडून दिले.

चार दिवस मी ऐकून घेतलं, म्हणजे तिचं न बोलणं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी दोनमिनिट्याकडे धावलो.

"ते चारही भाग परत लाव. आत्ता."

"ते तर गेले, सर."

"कुठे गेले?"

"त्याच दिवशी भंगारच्या टेम्पोत टाकले. माझ्या दुकानात ठेवायचे नव्हते मला."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने एखादं काम खरोखर दोन मिनिटांत केलं होतं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "सर, तुम्हीच काढायला सांगितलंत." ते खरं होतं. मग मी सगळे भंगारवाले पुन्हा पालथे घातले. तसेच दिसणारे चार भाग मिळाले. ते बसवायला सत्तावीस दिवस लागले, एकोणीस वायसर लागले, आणि वेल्डरच्या पाया पडावं लागलं. हिने खिडकीतून गाडीकडे एकदा पाहिलं आणि पडदा ओढला.

ती पुन्हा घराबाहेर पडली नाही. साडेतीन वर्षांनी गेली. डॉक्टरांनी दाखल्यावर काहीतरी लिहिलं; त्यांनाही काहीतरी लिहावं लागतंच. लेक अजून म्हणते, "बाबा, ते दोन महिने आई किती छान होती. तसंच का नाही चालू ठेवलंत?"

मी म्हणतो, "गाडी बिघडली."

९

हे सगळं मी अनेकदा निकालात काढलं आहे. आजारी बायको, वैतागलेला नवरा, उन्हात चमकणारा आरसा. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना लावलेली हुरहूर. माझ्या विषयात याला व्यवस्थित नावं आहेत. फक्त साडेपंधरा मिलिमीटरला नाव मिळत नव्हतं, कारण ते दोनमिनिट्यानेही वाचले होते, आणि त्याला हुरहूर लागत नाही.

ती गेल्यानंतर दोन वर्षांनी जुन्या वह्या फेकताना ती वही हाती आली. मोजमापाच्या पानावर मी सवयीने त्या शॉकअपच्या स्प्रिंगेवर ठोकलेला आकडाही उतरवून ठेवला होता: ४१७, आणि पुढे एक त्रिकोण. कारखान्याच्या स्प्रिंगेवर असा आकडा नसतो. दोनमिनिट्या म्हणाला, "हाताने वळलेली स्प्रिंग आहे ती. त्रिकोण म्हणजे एकच माणूस. म्हातारा आहे, चिडका आहे, तुमचं जमेल."

स्प्रिंगा वळणारा एका लांबट, काळवंडलेल्या खोलीत भट्टीशेजारी बसला होता. मी आकडा सांगितला. तो करवादला, "तक्रार असेल तर इतक्या वर्षांनी चालणार नाही."

"तक्रार नाही. फक्त कोणासाठी वळली होती ते बघायचंय."

"नावं मी लिहीत नाही. गाडी आणि वजनं लिहितो. वजन कळल्याशिवाय स्प्रिंग वळता येत नाही." त्याने फळीवरून तेलकट वही काढली, अंगठ्याने पानं मागे टाकली आणि ती माझ्यापुढे सरकवली. "चारशे सतरा. घ्या. आणि लवकर बघा, भट्टी निवतेय."

तारीख मी माझी गाडी ताडपत्रीखाली ठेवली त्याच्याही आधीची होती. गाडी आमच्याच मॉडेलची. खाली त्या गाडीला लावलेल्या बाहेरच्या भागांची यादी: अमुक मॉडेलची सीट, हूक पुढे घेतलेले. अमुक मॉडेलचा चिमटा, बुश घालून. जड गाडीचे शॉकअप, कान कातून, स्प्रिंग नवी. फूटरेस्टच्या पट्ट्या, चार भोकं.

त्या गाडीच्या मालकाचं पुढे काय झालं, गाडी मोडून चार ठिकाणी का विकली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी स्प्रिंग वळणाऱ्याला माहीत नसतं. मी माझी वही उघडून त्याच्या वहीशेजारी ठेवली. माझ्या पानावर एक खोडलेला आकडा होता, रेघेखालून अजून नीट वाचता येत होता. त्याच्या पानावर, यादीच्या खाली, वजनांची ओळ होती.

पुढे ७२. मागे ५५. मधे ३१.